माझ्यासमोरचं इंग्रजी

६ जानेवारी

ही दोघं माझ्यासमोर इंग्रजीत बोलायला लागली आहेत. हे गेल्यावर मी भारतातून इथे मुलाकडे राहायला आले तेव्हा असं नव्हतं. तेव्हा मुलगा आणि सून जेवताना मराठीतच बोलायची, मीठ कमी पडल्यापासून ते ऑफिसातल्या साहेबाच्या टकलापर्यंत. आता मी खुर्ची ओढली की भाषा बदलते.

मी काही अडाणी नाही. सगळा जन्म शिवणक्लास चालवण्यात गेला, आणि मॅट्रिकला इंग्रजीत चांगले मार्क होते. शब्द सगळे कळतात. पण कापडाचे तुकडे हातात आहेत आणि बाहीचा कुठला, पाठीचा कुठला तेच समजू नये, असं होतं.

काल जेवताना सून म्हणाली, "वी कान्ट कीप इग्नोरिंग द एलिफंट इन द रूम." हत्ती! खोलीत! मी मान न वळवता खोली बघून घेतली. सोफा, टीव्ही, कपडे वाळत घालायचा स्टँड आणि मी. हे गेल्यापासून माझं वजन वाढलंय, मान्य. गुडघ्यामुळे चालणं होत नाही. पण म्हणून सासूला तोंडावर हत्ती म्हणायचं? आणि मुलाने खाली मान घालून ताटात चमचा फिरवत बसायचं?

मी पुन्हा वाढून घेतलं नाही. "आई, बरं वाटत नाही का?" सून लगेच. आवाजात अशी काळजी, की कुणालाही खरी वाटावी.

१० जानेवारी

मी ठरवलंय, यांची भाषा शिकायची. पुस्तकातली नाही, तोंडातली. आणि घरात पत्ता लागू द्यायचा नाही.

खालच्या रस्त्यावर कपडे दुरुस्त करून देणाऱ्या बाईंचं दुकान आहे. मुलाच्या पँटची चेन बदलायचं निमित्त करून गेले. एवढंसं दुकान, दाराशी काउंटर, मागे दोन मशिनं आणि कडा शिवायचं एक ओव्हरलॉक, हँगरवर कोटांची ही गर्दी. बाई उंच, काटकुळ्या, आणि तोंडात सदानकदा टाचण्या. टाचण्या दातांत धरून बोलतात. त्यांचं नाव मी टाचणी ठेवलंय. (त्या बोलतात इंग्रजीच. मी इथे बहुतेक मराठीत लिहीन, नाहीतर वही पुरायची नाही.)

"आय ॲम स्वॅम्प्ड, डार्लिंग," टाचणी म्हणाली. स्वॅम्प म्हणजे दलदल, एवढं मला माहीत. मी तिच्या पायांकडे बघितलं. फरशी कोरडी ठणठणीत. शेवटी तिने कोटांच्या ढिगाकडे हात केला तेव्हा कळलं, कामात बुडाली आहे. आणि साठी उलटलेल्या बाईला डार्लिंग म्हणते, ही काय पद्धत? पण ती पोस्टमनलाही तेच म्हणाली, तेव्हा सोडून दिलं.

मी मोकळ्या मशीनवर बसले आणि एका पँटची खालची दुमड घालून दाखवली. तिने उलटसुलट करून बघितली. उद्यापासून दुपारी जायचं ठरलंय. घरी सांगितलं, वेळ जात नाही म्हणून जाते. मुलाचा चेहरा एकदम खुलला. "छान, आई! मस्तच!" मी घराबाहेर राहणार याचा इतका आनंद?

१५ जानेवारी

टाचणी माझी थट्टा करतेय, असा मला दाट संशय आहे. एक तरुण मुलगा कोट न्यायला आला होता, नोकरीच्या मुलाखतीला घालायचा. निघताना ती त्याला म्हणाली, "ब्रेक अ लेग!" पाय मोड! मी चपापले. मुलगा मात्र हसून आभार मानून गेला. ती म्हणते, शुभेच्छाच आहेत या. कुणी असल्या शुभेच्छा देतं का? उद्या मी कुणाला म्हणायचे आणि मार खायचे.

गुडघा चोळताना तिने मला बघितलं. म्हणाली, "यू शुड सी समवन अबाउट दॅट नी." कुणाला तरी दाखव, म्हणजे डॉक्टरला. हे सरळ आहे, हे पटलं.

१६ जानेवारी

खरं-खोटं करून बघितलं. सकाळी सुनेचं ऑफिसात मोठ्या लोकांपुढे काही भाषण होतं. दारात बूट घालत होती. मी मागून म्हटलं, "ब्रेक अ लेग!"

ती वळली. डोळे एवढे मोठे. आणि मग हसायला लागली. भिंतीला टेकून, पोट धरून. हसता हसता डोळ्यांतून पाणी, आणि ते काही थांबेना. एक बूट पायात, एक हातात, तशीच बाथरूममध्ये गेली. कितीतरी वेळ नळ वाहत होता. बाहेर आली ती नाक लाल करून. "थँक यू, आई," म्हणाली आणि गेली.

थट्टा नव्हती म्हणायची. पण एवढं काय हसायचं ते? जरा नाटकीच आहे मुलगी.

२० जानेवारी

टाचणीला हत्तीचं विचारलं. अगदी सहज विचारल्यासारखं, बॉबिन भरता भरता. ती म्हणाली, हत्ती म्हणजे एखादी मोठी अवघड गोष्ट, जी घरातल्या सगळ्यांना दिसते पण कुणी तोंडातून काढत नाही.

आधी हायसं वाटलं, माझ्या वजनाबद्दल नव्हतं. मग घरी येताना जिना चढत होते आणि मध्येच थांबले. दोन माणसांच्या घरात तिसरं आलंय. सगळ्यांना दिसतंय, कुणी बोलत नाही. म्हणजे हत्ती मीच. वजनापेक्षा हे वाईट.

२७ जानेवारी

आज पक्कं झालं. सकाळी स्वयंपाकघरातून मुलाचा आवाज आला, "आय नीड सम स्पेस." पोराला जागा हवी आहे.

बरोबरच आहे. दोन खोल्या, त्यातली एक मी अडवलेली. गेले कित्येक दिवस तो बाहेर सोफ्यावर झोपतो. मी विचारलं तर म्हणतो, पाठ दुखते, गादी मऊ आहे. सोफा काय दगडाचा आहे? पण आईने खोली घेतली म्हणून झोपायची अशी आबाळ होते, हे तो कोणत्या तोंडाने सांगेल?

दोघं ऑफिसला गेल्यावर मी कपाटातले माझे कपडे काढून बॅगेत भरले, बॅग पलंगाखाली सारली. ह्यांचा फोटोसुद्धा टेबलावरून उचलून ठेवला. जितकं लहान होता येईल तितकं झाले.

संध्याकाळी सून खोलीत आली. "आई, तुम्ही सामान का आवरलंत?"

"उगाच पसारा होतो. जागा होईल जरा."

"कुणाला?"

ती पलंगाखाली वाकली, बॅग ओढली, आणि एकेक साडी पुन्हा कपाटात लावली. फोटो पदराने, म्हणजे ओढणीने, पुसून जागेवर ठेवला. हे काय आहे मला समजत नाही. तिला मी जायला नकोय, की मी आपणहून गेले असं व्हायला नकोय?

१ फेब्रुवारी, रविवार

माझा मुलगा आजारी आहे.

सकाळी तो गॅलरीत उभा राहून फोनवर मित्राशी बोलत होता. मी आत पडद्याचे हुक लावत होते. "येस, आय ॲम सीइंग समवन," तो म्हणाला. डॉक्टरला दाखवतोय! पुढे म्हणाला, "शी नोज. मॉम हॅजंट गॉट अ क्लू." बायकोला माहीत आहे. आईला पत्ताही नाही.

मग सगळे धागे जुळले. सोफ्यावर झोपणं, उशिरा येणं, जेवणात लक्ष नसणं. हेही असेच होते, शेवटच्या वर्षात. विचारलं की म्हणायचे, काही नाही गं, अपचन आहे.

दोघं बाजारात गेल्यावर त्याचा खण उघडून बघितला. औषध एकही नाही. नवीन शर्ट होते, चांगले भारीतले, आणि अत्तराची बाटली. आजारपणात माणूस मन रमवायला काय काय करतो. दुपारी त्याच्या पाठीला गरम पाण्याची पिशवी दिली. "आई, कशाला?" म्हणाला, आणि माझ्या डोळ्याला डोळा देईना.

३ फेब्रुवारी

सुनेला स्वयंपाकघरात गाठलं. "खरं सांग, काय झालंय त्याला?"

तिच्या हातातली बशी तिथेच राहिली. "तुम्हाला काय माहीत आहे, आई?"

"काहीतरी झालंय एवढं माहीत आहे. मी आई आहे त्याची."

"मग त्यालाच विचारा. मी नाही सांगणार."

"तू बायको आहेस ना?"

"म्हणूनच नाही सांगणार," ती म्हणाली, आणि बशी पुसत राहिली. कोरडी झालेली बशी. काय काळीज आहे! नवरा दुखण्यात आणि हिचा आवाज इतका सपाट. मला रात्रभर डोळ्याला डोळा लागायचा नाही आणि ही सकाळी केस विंचरून ऑफिसला जाणार. ह्यांच्या बहिणीने लग्नाच्या वेळीच म्हटलं होतं, मुलगी जरा कोरडी वाटते.

११ फेब्रुवारी

आज जेवताना ती त्याला म्हणाली, "यू हॅव टू कम क्लीन विथ हर." हर म्हणजे मी. क्लीन म्हणजे स्वच्छ. आता माझ्या स्वच्छतेवर आली! डोक्यात तिडीक गेली. ताटं उचलल्यावर मी ओटा घासायला घेतला. मग फरशा, मग गॅसमागची भिंत. खांदा भरून आला तरी थांबले नाही. म्हटलं, बघू दे कोण अस्वच्छ आहे ते.

सून आली, शेजारी उभी राहिली, आणि माझ्या हातातली घासणी काढून घेतली. माझे ओले हात तिने टॉवेलात धरले. "आई, पुरे. किती स्वच्छ कराल?"

काही कळेनासं झालंय. टोचून बोलायचं आणि हात पुसून द्यायचे, दोन्ही एकाच माणसाने करायचं?

१७ फेब्रुवारी

आज दुकानात दोन मुली आल्या होत्या. एकजण स्कर्ट घालून बघत होती, दुसरी बाहेर स्टुलावर. पडद्याआडून आतली म्हणाली, कुठल्याशा मुलाबद्दल, "इज ही सीइंग समवन?" दुसरी म्हणाली, "हो, त्याच्याच ऑफिसातली आहे." आणि दोघी खिदळल्या.

मी मशीनवरून विचारलं, "काय होतंय त्याला? आजारी आहे?"

त्या आणखी हसल्या. दुष्टपणे नाही, लहान मुलाला हसावं तशा. स्टुलावरच्या मुलीने समजावून सांगितलं. सीइंग समवन म्हणजे कुणाबरोबर तरी जमलंय. डॉक्टर वगैरे नाही, काकू. (ती काकू म्हणाली नाही, पण स्वर तोच.)

मी शिवत राहिले. टाचणी आली आणि तिने माझा हात मशीनवरून बाजूला घेतला. पँटचा पाय मी खालून बंद शिवून टाकला होता. पिशवीसारखा.

दुकान रिकामं झाल्यावर मी तिला राहिलेलं विचारलं. कम क्लीन म्हणजे काय? लपवलेलं कबूल करणं. आणि स्पेस हवी म्हणजे? टाचण्या तोंडातून काढून तिने पुडीत ठेवल्या, तेव्हाच मी ओळखलं. "हे नवरा बायकोला म्हणाला, की बायको नवऱ्याला?" तिने विचारलं. मी म्हटलं, एका ओळखीच्यांच्या घरची गोष्ट आहे. "हं," ती म्हणाली, "मग जागा नाही, एकमेकांपासून लांब व्हायचंय." आणि पाय उसवायला मला मदत करू लागली.

१८ फेब्रुवारी

आजारी नाही. देवा, आजारी नाही. आधी इतकंच वाटलं, ते लिहून ठेवते.

मग दुसरं वाटायला लागलं. माझं पोरगं असं करणार नाही. मी चुकीचं ऐकलं असेल, पडद्याचे हुक वाजत होते. आणि केलंच असेल तर हिनेच काहीतरी केलं असणार. एवढी शिकलेली, कमावती, कोरडी. पुरुष बाहेर बघायला काय उगाच जातो?

हे लिहून पुन्हा वाचलं. हेच वाक्य माझी सासू थोरल्या जावेला ऐकवायची, तेव्हा मला तिची चीड यायची. खोडत नाही. असू दे.

२२ फेब्रुवारी, रविवार

नाश्त्याला तिघं होतो. मी खाली बघून खात होते आणि कान टेबलावर ठेवले होते.

मुलगा इंग्रजीत म्हणाला, तूच सांग तिला, तुला जमतं असलं. मी पुढच्या महिन्यात निघतो. माझं सगळं मार्गी लागेपर्यंत आई इथेच राहू दे, तुमचं दोघींचं बरं जमतं. दहीभात कालवावा तसं मऊ मऊ बोलत होता.

सून म्हणाली, "आय ॲम नॉट कव्हरिंग फॉर यू एनी मोर." हे मला येत होतं. टाचणी बँकेत जाताना मला म्हणते, कव्हर फॉर मी, आणि मी तिच्या जागी काउंटर सांभाळते. म्हणजे इतके दिवस ही त्याची जागा सांभाळत होती. माझ्यापुढे. ती पुढे म्हणाली, ती तुझी आई आहे, सूटकेस नाही, कुणाकडे ठेवून जायला.

मी पाणी प्यायले आणि मराठीत विचारलं, "कोण आहे ती?"

"कोण ती, आई?"

"तू जिला बघतोयस ती."

त्याने बायकोकडे असं बघितलं! "यू टोल्ड हर?"

"हिने एक अक्षर सांगितलेलं नाही," मी म्हटलं. "तूच सांगितलंस. गॅलरीत उभा राहून, चांगल्या मोठ्या आवाजात. आणि आता जे बोललास तेही मला कळलं. सूटकेससकट."

त्याचा चेहरा लहानपणी काचेचा जग फोडला होता तसा झाला. ऑफिसातली आहे म्हणाला. वर्ष होऊन गेलं. मुद्दाम नाही झालं. बाबा गेले, तुला धक्का बसला असता म्हणून बोललो नाही.

"मला इथे आणलंस, ते मी एकटी पडले म्हणून," मी विचारलं, "की तू गेल्यावर ही एकटी पडू नये म्हणून? की मी घरात असले की हिच्याशी बोलायचं टळतं म्हणून?"

"असं काय बोलतेस, आई?"

"कुठलं खरं ते सांग, मला कुठलंही चालेल."

तो ताटातले कण बोटाने गोळा करत बसला. सून उठून खिडकीपाशी गेली होती. पाठमोरी. मी तिच्याजवळ गेले नाही. जायला हवं होतं का? पाय उचलला नाही एवढं खरं.

२४ फेब्रुवारी

तो बॅग भरून गेला. पुढच्या महिन्याची वाट बघितली नाही.

घरात दोघीच. मी आज तिला विचारलं, "तू का नाही सांगितलंस मला? मी विचारलं होतं ना?"

"मी सांगितलं असतं तर विश्वास ठेवला असतात?"

मी विचार केला. खोटं बोलायचं तर ही वेळ चांगली होती. "नाही," म्हटलं.

ती हसली. खरंखुरं. "म्हणून."

पण तरी मनात येतंच. एवढं सगळं निमूट सोसून ही मला का धरून आहे? लोकांत बरं दिसावं म्हणून? की मी इथे असले तर तो परत येईल असं वाटतंय हिला? विचारायची हिंमत नाही. हो म्हणाली तर काय करू?

१५ मार्च, रविवार

मुलगा राहिलेले कपडे न्यायला आला होता. अंगावर त्या नव्यातला एक शर्ट, बाही बोटभर लांब. बघितलं, पण बोलले नाही. सून स्वयंपाकघरात गेली आणि आत भांडी घासायचा आवाज सुरू झाला.

खोके बांधून झाल्यावर तो माझ्याजवळ बसला. "आई, तू माझ्याकडे चल. तुझ्यासाठी खोली आहे तिथे."

"आणि कोण आहे?"

तो बांधलेल्या खोक्याची दोरी पुन्हा आवळायला लागला.

"मी नाही येणार," मी म्हटलं. "तू येत जा. रविवारी, जेवायला. एकटा."

"म्हणजे तू इथे राहणार? हिच्याकडे?" तो म्हणाला. रागाने नाही, खरंच न कळून म्हणाला. "आई, आमचं आता संपलंय. कागद होतील. मग ती तुझी कोण?"

मुलाची बायको ती सून. मुलाने बायको सोडली की जे उरतं त्याला काही शब्द आहे का? मला तर माहीत नाही. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, आतला भांड्यांचा आवाज थांबला आहे.

"ते आमचं आम्ही बघू," मी जरा मोठ्यानेच म्हटलं. "तुला गाडी लावायला जागा मिळाली होती ना? मग नीट जा."

जाताना पाया पडला. डोक्यावर हात ठेवला. पोटचा आहे, हात आपोआप जातो.

दार लागल्यावर सून बाहेर आली. हात कोपरापर्यंत साबणाचे. "आई, तुम्ही त्याला काय सांगणार होतात?"

"कशाबद्दल?"

"मी कोण ते."

"ऐकत होतीस?"

"भांडी घासत होते."

"नळ बंद होता."

तशीच उभी, साबणाचं पाणी फरशीवर ठिबकतंय. मग मी तिला नीट बघितलं, उजेडात, वरपासून खालपर्यंत, गिऱ्हाइकाला बघावं तशी. ड्रेसचे खांदे खाली घसरलेले. कंबरेत कापड नुसतं लोंबतंय. गळ्याची हाडं वर आलेली. नुसत्या नजरेने माप सांगणारी बाई मी, सगळा जन्म त्यात गेला. ही महिनोन् महिने माझ्यासमोर झिजत होती आणि मी फक्त कान लावून बसले होते.

"उद्या ऑफिसातून सरळ दुकानात ये," मी म्हटलं. "तुझे सगळे कपडे आत घ्यावे लागणार आहेत. पण फार नाही घेणार. शिवणीत माया ठेवते. पुन्हा अंगाने भरलीस की सोडायला."